बँडपासमधला हरवलेला एस

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला लॅब सोडून वर्ष होत आलं. निरोपाच्या दिवशी सगळे दोन शब्द बोलले, मी मात्र समोसे वाटत फिरलो. ते बोलणं राहूनच गेलं. आता सगळ्यांसमोर लिहितोय, कारण मॅटलॅबमध्ये (आकडेमोडीच्या प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर) स्वतःची फंक्शन्स लिहिणाऱ्या आणखी कुणाला तरी याचा उपयोग होईल.

ती संध्याकाळ आठवते? बेअरिंगच्या कंपनांचे माझे आलेख बघता बघता तुम्ही म्हणालात, "अरे, हे बँडपास ना? मग दहा हर्ट्झच्या खाली एवढं काय उसळतंय?" बँडपास म्हणजे ठरावीक पट्ट्यातल्याच वारंवारिता ठेवून खालच्या-वरच्या गाळणारा फिल्टर. तीन दिवस मी तेच आलेख काढत होतो. शोधलं तर पर्याय टाइप करताना 'बँडपास'चा शेवटचा एस मी खाल्ला होता. फंक्शन माझंच, आणि ओळखीचा शब्द दिसला नाही तर गुपचूप लोपास (फक्त खालच्या वारंवारिता ठेवणारा फिल्टर) लावायची अक्कलही माझीच! कुणावर ढकलायची सोयच नव्हती.

स्पेलिंग दाखवून तुम्ही उठला असतात तरी चाललं असतं. तुम्ही खुर्ची ओढून बसलात. टॅब दाबल्यावर पर्याय सुचतात ते फक्त मॅटलॅबच्या घरच्या फंक्शन्सना, असा माझा समज होता. तुम्ही फंक्शनच्या फाइलशेजारी 'रिसोर्सेस' फोल्डर केलंत आणि त्यात 'फंक्शनसिग्नेचर्स डॉट जेसन' ही फाइल, म्हणजे फंक्शन काय काय घेतं हे मॅटलॅबला सांगणारी साध्या मजकुराची यादी. आत फंक्शनचं नाव, त्याखाली 'इनपुट्स', आणि प्रत्येक इनपुटचं नाव, ते सक्तीचं आहे की नाही, त्याचा प्रकार. पहिल्या इनपुटला फक्त सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या आकड्यांची) चालेल असं लिहिलंत. टॅब दाबला, तर समोर सीएसव्हीच तेवढ्या! फिल्टरच्या जागी 'चॉइसेस' म्हणून तीन शब्द दिलेत.

मग मी उत्साहाने पुढची नोंद घातली आणि सुचवणं बंदच पडलं. एक स्वल्पविराम जास्तीचा. तुम्ही काही न बोलता 'व्हॅलिडेटफंक्शनसिग्नेचर्सजेसन' हे ती फाइल तपासणारं फंक्शन चालवायला लावलंत. एवढं लांबलचक नाव, पण चूक बरोबर पकडून दिली.

उठता उठता बजावलंत, "ही फाइल नुसती सुचवते, अडवत नाही हं." चुकीचा शब्द हाताने टाइप केला तर फंक्शन तो निमूट घेणारच. म्हणून ते गुपचूप लोपास काढून तिथे एरर द्यायला लावलीत. खरी मदत मला तीच वाटते. टॅबचं कौतुक नंतरचं. तेव्हा आपल्याकडे मॅटलॅबची २०१९ए आवृत्ती होती, आणि इनपुट तपासणारा 'आर्ग्युमेंट्स' ब्लॉक आला २०१९बीमध्ये. एका आवृत्तीने हुकलो! आता नवी आवृत्ती आहे. फंक्शनच्या सुरुवातीलाच त्या ब्लॉकमध्ये 'मस्टबीमेंबर' (दिलेल्या यादीतलाच शब्द हवा, ही अट) लावून ते तीन शब्द लिहिलेत, त्यामुळे सुचवणं आणि अडवणं दोन्ही तिथेच होतं.

गेल्या आठवड्यात लॅबमध्ये नवीन मुलगी आली. मी काही सांगायच्या आत तिने टॅब दाबला, खाली आलेल्या यादीतून बँडपास निवडला आणि मला विचारलं, "दादा, हे मॅटलॅबमध्ये आधीपासूनच असतं का?"

म्हटलं, नाही गं. आमच्या एक ताई होत्या.

तुमचा,
समोसेवाला