उपचार अर्धवट सोडून गेलेल्या मुलांचा माग ठेवणाऱ्या बाईंस

आदरणीय बाई,

सविनय नमस्कार.

आमच्या मानसोपचार केंद्रात उपचारासाठी आलेल्या मुलांवर केलेल्या संशोधनाचा अहवाल नुकताच पूर्ण झाला. ऋणनिर्देशात तुमचा उल्लेख एका ओळीत आला आहे, कारण अशा लेखनाची रीतच तशी असते. परंतु तुम्ही केलेले काम एका ओळीत मावणारे नाही आणि ते नेमके काय होते हे पालकांना व या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना कळावे, असे मला मनापासून वाटते. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. तुमच्या इच्छेप्रमाणे तुमचे आणि तुम्ही शिकवता त्या शाळेचे नाव घातलेले नाही.

उपचार करणाऱ्यानेच संशोधनही करावे, ही अपेक्षा आमच्या शास्त्रात जुनी आहे. १९४९ साली अमेरिकेत बोल्डर येथे भरलेल्या परिषदेने चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला दोन्हींचे शिक्षण मिळावे असे ठरवले आणि तो आदर्श आजही शिकवला जातो. प्रत्यक्षात जिल्ह्याच्या ठिकाणी काम करताना सारा दिवस समोरच्या मुलांत जातो आणि संशोधनासाठी हाती उरतात ते केसपेपर. केसपेपर बोलतात ते फक्त आलेल्या मुलांबद्दल. दोनदा येऊन तिसऱ्यांदा न आलेले मूल बरे झाले म्हणून आले नाही, आईची मजुरी बुडते म्हणून आले नाही, की आमच्या उपचाराचा उपयोगच झाला नाही म्हणून आले नाही, हे त्या कागदांवरून कधीच कळत नाही. शेवटपर्यंत टिकलेल्या मुलांचीच मोजदाद केली, तर कोणताही उपचार गुणकारी दिसेल.

ही न आलेली मुले तुम्ही शोधलीत. देवगडच्या बागांत आंब्याची काढणी चालू असताना, आईबाप पहाटेपासून बागेत असतात हे जाणून तुम्ही संध्याकाळी त्यांच्या घरी गेलात. काही घरांत तुम्हांला ‘आता बरा आसा, कित्याक येवचा?’ असे उत्तर मिळाले आणि तेही आमच्यासाठी मोलाचे होते. एका मुलीची आई मात्र बराच वेळ काही बोलेना. शेवटी तिने सांगितले, की केंद्राची पाटी एसटी स्टँडसमोर आहे, ओळखीचे माणूस भेटले की ‘खंय गेल्लात?’ असे विचारते आणि मुलीच्या लग्नाच्या वेळी हीच गोष्ट पुढे येईल अशी तिला धास्ती होती. ही माहिती कोणत्याही प्रश्नावलीतून मिळाली नसती. त्यानंतर आम्ही त्या भागातील मुलांना शनिवारी शाळेच्या वाचनालयात भेटू लागलो आणि सोडून गेलेल्यांपैकी काही मुले परत आली. संशोधनासाठी केलेल्या चौकशीने उपचाराची जागाच बदलली. दोन्ही कामे एकत्र का करावीत, याचे याहून चांगले उत्तर माझ्याजवळ नाही.

मुलांच्या त्रासाच्या मोजणीच्या वेळापत्रकावर तुम्ही घेतलेल्या हरकतीचा उल्लेखही केलाच पाहिजे. मूल बहुधा त्याचा त्रास सर्वांत वाढलेला असताना आमच्याकडे आणले जाते, त्यामुळे पुढच्या मोजणीत थोडी सुधारणा उपचाराविनाही दिसू शकते. म्हणून उपचारापूर्वीच काही आठवडे नोंदी घ्याव्यात, एवढे आम्हांला ठाऊक होते. परंतु १ जून ते ३१ जुलै सरकारी बंदीमुळे यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, खलाशी बाप त्या काळात घरी असतात, काही घरांत त्यामुळे मूल शांत होते आणि ज्या घरात दारू आहे तिथे नेमके उलटे घडते, हे तुम्ही सांगितलेत. गणपतीत चाकरमानी येतात तेव्हाचे दिवसही वेगळेच. मे महिन्यातील आकडा जुलैच्या आकड्याशी ताडून आम्ही ज्याला उपचाराचा परिणाम म्हटले असते, तो पुष्कळदा बंदीचा परिणाम ठरला असता. तुमच्या सांगण्यावरून नोंदी बंदीपूर्वी, बंदीत आणि बंदीनंतर अशा घेतल्या गेल्या.

सातवीतल्या त्या मुलाबद्दल, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, थोडे लिहितो. रोज सकाळी त्याच्या पोटात दुखे, तपासण्यांत काही सापडत नव्हते. लक्षणांबद्दलच्या पंचवीस प्रश्नांच्या प्रश्नावलीत त्याची उत्तरे अगदी साधारण होती. आपली सर्वांत मोठी अडचण स्वतःच्या शब्दांत सांगून तिला शून्य ते दहा गुण द्यायचे, ही अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन वाइझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केलेली पद्धत आम्ही वापरत होतो. माझ्यासमोर तो गप्प राहिला. तुमच्याजवळ मात्र ‘माका मोठ्यान वाचूक लावतत’ असे म्हणाला आणि त्याने पुरते दहा गुण दिले. मग आधी एकट्या तुमच्यासमोर, नंतर दोन मित्रांसमोर आणि शेवटी वर्गात, अशा पायऱ्यांनी वाचन सुरू झाले. शेवटी त्याने तीन गुण दिले. प्रश्नावलीचा आकडा जवळपास होता तिथेच राहिला. गोव्यातील ‘संगाथ’ या मानसिक आरोग्याचे काम करणाऱ्या संस्थेच्या सहभागाने दिल्लीच्या सरकारी शाळांत झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या समुपदेशनाच्या चाचणीतही, सहा आठवड्यांनी मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींत फरक दिसला, लक्षणांच्या प्रश्नावलीत मात्र तसा दिसला नाही. म्हणून आमच्या अहवालात दोन्ही आकडे शेजारी शेजारी आहेत. कोणता एक ठेवावा, असे मला कोणी विचारले तर मी मुलाचा ठेवीन.

संमतीच्या बाबतीत तुम्ही जे केलेत ते मला सर्वांत थोर वाटते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबर सात वर्षांवरील मुलाचीही अनुमती घ्यावी लागते. पण उपचार करणाराच ‘अभ्यासात नाव घालू का?’ असे विचारू लागला, तर कोणती आई नाही म्हणेल? म्हणून तो प्रश्न तुम्ही विचारलात, आणि शिक्षिका म्हणून तुमचाही दबाव वाटेल हे ओळखून, उत्तर देण्यापूर्वी घरी विचार करायला अवधी दिलात. काहींनी नकार दिला. त्या मुलांचे उपचार पूर्वीसारखेच चालू राहिले आणि ते तसे चालू आहेत ना, हे तुम्ही मला वेळोवेळी विचारीत राहिलात.

लायटनर विटमर यांनी १८९६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय सुरू केले, तेव्हा त्यांच्याकडे आलेला पहिला मुलगा चौदा वर्षांचा होता. त्याला शुद्धलेखन जमत नव्हते आणि त्याला घेऊन आली होती शाळेतली एक शिक्षिका, मार्गारेट मॅग्वायर. आमच्या क्षेत्राच्या इतिहासात विटमर यांचे नाव मोठ्या अक्षरांत आहे आणि ते योग्यच आहे. मॅग्वायर बाईंबद्दल मात्र एखादेच वाक्य सापडते.

अहवालातील निष्कर्ष पालकांना त्यांच्या भाषेत सांगणे अजून बाकी आहे. ज्यांनी नकार दिला त्यांनाही बोलवावे, असे तुमचे म्हणणे मला पटले आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतरची, होड्या आणि भातकापणी दोन्ही सांभाळणारी तारीख तुम्हीच ठरवावी. त्याप्रमाणे मी येईन.

तुमचा ऋणी,
एक चिकित्सा मानसशास्त्रज्ञ,
जिल्हा सिंधुदुर्ग