मटवारा कुठं आहे?

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

जर्मनीहून आलेला तुझा लांबलचक निरोप आईने मला दोनदा वाचून दाखवला. वर्गातल्या मुलीने ‘तुमच्या गावात वाघ फिरतात का’ विचारलं, दुसऱ्या कुणी ‘इंडियन भाषेत काहीतरी बोलून दाखव’ म्हटलं, आणि तू भडकलीस. दुसऱ्या प्रश्नावर भडकलीस ते ठीकच. वाघाचं मात्र सोडून दे. पेंच नि ताडोबा जवळ असल्याच्या जोरावर नागपूरला ‘टायगर कॅपिटल’ म्हणून आपणच मिरवतो, मग कुणी वाघाचं विचारलं तर रागवायचं कोणत्या तोंडाने? पुण्याचे पाहुणेही हेच विचारतात. त्यांना तू हसत हसत सफारीचे फोटो दाखवतेस.

मला खटकलं ते त्याच निरोपातलं पुढचं वाक्य. तुमच्या सामाईक स्वयंपाकघरातल्या मुलाबद्दल तू लिहिलंस, ‘आफ्रिकन आहे, शांत आहे, भांडी वेळेवर घासतो.’ अगं, आफ्रिकन म्हणजे कुठला? तिथं ५४ देश आहेत. एकट्या नायजेरियात वीस कोटींच्या वर माणसं आणि पाचशेच्या आसपास भाषा. एका शेगडीवर स्वयंपाक करता, आणि त्याच्या देशाचं नाव तुला ठाऊक नाही!

आमच्या तुरीच्या बाजारात तरी काय वेगळं आहे म्हणा. आपल्याकडे बाहेरची तूर येते हे तू लहानपणापासून बघतेस. अरुशा, मटवारा, गजरी, मलावी, शिवाय ब्रह्मदेशची लेमन. या नावांवर सौदे होतात. दाणा कसा, ओल किती, डाळीचा उतारा किती बसेल, हे नागपूरच्या कळमना बाजारातला मुरलेला दलाल मूठभर माल हातात घेऊन सांगेल. पण मटवारा कुठं आहे असं विचारलं तर तो तुझ्याकडेच बघत राहील. त्याच्या लेखी तो तुरीचा वाण. गेल्या हंगामात एका हमालाने पोतं उतरवता उतरवता मला विचारलं, ‘मालक, आफ्रिकेत पाऊस पडते काय हो? सारं वाळवंटच हाय ना?’ पाठीवर तिथल्याच पावसावर पिकलेली तूर! पण त्याने विचारलं तरी. आम्ही गादीवर बसणारे तेवढ्याही भानगडीत पडत नाही. ज्या गोष्टीवर पैसा सुटतो तेवढीच पाठ करायची, बाकीची जागा सिंह आणि वाळवंटाने भरून काढायची, असा सगळा मामला आहे.

अरुशा हे टांझानियाच्या उत्तरेकडचं चांगलं मोठं शहर आहे. मेरू पर्वताच्या पायथ्याशी, साधारण १४०० मीटर उंचीवर. जुलैमध्ये तिथं संध्याकाळी स्वेटर घालावा लागतो. आणि इथं आपले शेजारी मे महिन्यात ४५ अंशांत, कूलरसमोर बसून, ‘आफ्रिकेच्या उन्हात माणसं राहतात कशी’ म्हणून हळहळतात! मटवारा हे त्याच देशाच्या दक्षिण टोकाचं बंदर. तिथून मोझांबिकची हद्द जवळ, आणि आपली गजरी त्या मोझांबिकची.

एक गोष्ट मला पुष्कळ उशिरा समजली, ती तुला सांगतो. २०१५ मध्ये तूरडाळ दोनशे रुपये किलोवर गेली होती, आठवतं? आईने वरणात मूगडाळ मिसळायला सुरुवात केली होती. भाव बघून पुढच्या वर्षी आपल्या विदर्भात सगळ्यांनी तूर पेरली, पाऊसही चांगला झाला, पीक अफाट आलं नि भाव कोसळले. खरेदी केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या. मग ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. इथं बाजारात सगळ्यांनी ‘बरं झालं’ म्हटलं, मीही. पण तिकडे टांझानिया-मोझांबिकमधल्या शेतकऱ्यांनी तूर पेरली होती ती आपल्या भरवशावर. त्यांचा भाव पार बसला, माल घरात पडून राहिला. यवतमाळचा शेतकरी आणि मटवाऱ्याचा शेतकरी एकाच हंगामात, एकाच पिकापायी बुडाले, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. तेव्हाचं सरकारचं धोरण चूक की बरोबर, हा वाद मी इथं काढत नाही. तो काढला तर हे पत्र संपायचं नाही.

अजून एक. पानठेल्यावर मोबाइलने पैसे देता येतात याचा आपल्याला केवढा अभिमान. यूपीआय आलं २०१६ मध्ये. केनियात साध्या, बटणांच्या फोनवरून पैसे पाठवण्याची एम-पेसा सेवा २००७ पासून चालू आहे. मी हे आमच्या सकाळच्या तर्री-पोह्याच्या मंडळींना सांगितलं, तर एकानेही विश्वास ठेवला नाही. ‘गुगलवर बघा’ म्हटलं तर विषय बदलला.

आणि तुझे जर्मन! ‘तिथं सगळं घड्याळावर चालतं’ असं आजोबांनी जाताना सांगितलं होतं. आता तूच लिहितेस की गाडी उशिरा आल्याने तुझी पुढची गाडी पुन्हा चुकली. आजोबांना हे वाचून दाखवलं, तर म्हणतात, ‘पोरीलाच वेळ पाळता येत नसेल.’ आता बोल!

तर त्या मुलाला आज विचार, बाबा रे, तू कुठला? टांझानियाचा किंवा केनियाचा निघाला तर ‘म्बाझी’ कशी करतात तेही विचार. किनाऱ्याकडे तूर नारळाच्या दुधात शिजवून सकाळच्या नाश्त्याला खातात म्हणे. आईला ते ऐकून उत्सुकताही आहे आणि शंकाही. मात्र तो दारेसलामसारख्या मोठ्या शहरात वाढला असेल, तर त्याला तुरीतलं ओ की ठो कळणार नाही, तू मुंबईच्या मैत्रिणीला संत्र्याच्या बहाराबद्दल विचारावंस तसं. तेव्हा लगेच भाव विचारू नकोस. दोन-चार दिवस जाऊ दे. मग विचार. यंदा तिकडचं पीक कसं आहे ते मला खरंच हवंय, इथल्या दलालांच्या बातमीवर माझा काडीचा भरवसा नाही.

संत्रा बर्फी आणि काळा मसाला सोमवारी कुरिअरने निघेल. बर्फीचे दोन डबे आहेत, एक त्याचा.

तुझा,
बाबा