आई, आण्णा, मुंबईतलं ते लग्न

ती. आई आणि आण्णांना सा. न.

फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं आणि तिन्ही वेळा "जेवलीस का, झोपतेस का वेळेवर" यातच फोन संपला, म्हणून लिहितेय. ताईला सांगितलंय चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडनं मोठ्या अक्षरात प्रिंट काढून आणायला, म्हणजे आण्णांना मोबाईल लांब धरून एका डोळ्यानं वाचायला नको. आई, तू आधी खाली बस. वाईट काही नाहीये.

मी सप्टेंबरच्या शेवटी जपानला चाललेय. एक वर्षासाठी, ओकायामा विद्यापीठात, तिथली भाषा आणि संस्कृती शिकायला. जपान सरकारची स्कॉलरशिप मिळालीय, मेक्स्ट म्हणतात तिला. येते म्हणून कळवून टाकलंय, सह्या करून कागद गेलेत. तुम्हाला विचारून मग कळवायला हवं होतं. विचारलं असतं तर आई तू रडली असतीस, आण्णा काही न बोलता मळ्यात निघून गेले असते, आणि माझ्याच्यानं पुढं काही झालं नसतं. म्हणून आधी कळवलं आणि आता सांगतेय. हे चुकलंय माझं.

आणि दुसरं एक. मी मुंबईला मैत्रिणीच्या लग्नाला गेले होते ना, ते लग्न नव्हतं. या स्कॉलरशिपची परीक्षा होती, जपानच्या कॉन्सुलेटची. आई, तू नवरीसाठी खणाचा ब्लाऊजपीस आणि ५०१ रुपयांचं पाकीट दिलं होतंस, वर हळदीकुंकवाचं बोट लावून. ते तसंच माझ्या कपाटात आहे, कपाट उघडलं की पहिल्यांदा तेच दिसतं. परीक्षेत पास होईन का याची खात्री नव्हती आणि नापास झाले असते तर "नोकरी सोडून हे काय मिळवलंस" असं गावात कुणीतरी तुम्हाला विचारलं असतं, ते मला नको होतं. तुम्ही मात्र कधीच तसं म्हणाला नाहीत. दोन वर्षांपूर्वी चांगली नोकरी सोडून परत बी.ए. जॅपनीजला ॲडमिशन घेतली तेव्हा आण्णा महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत, पण फी भरायच्या आदल्या दिवशी बेदाण्याचे पैसे आले तसे खात्यावर टाकले, न सांगता.

आता पैशाचं सांगते कारण आण्णांचा पहिला प्रश्न तोच असणार. तिथली फी माफ. जायचं-यायचं विमानाचं तिकीट तेच देतात. शिवाय महिन्याला १,१७,००० येन मिळतात, म्हणजे आपले साधारण पासष्ट-सत्तर हजार, त्यात खोली, जेवण, सगळं बसतं. तुम्हाला एक रुपया काढायचा नाही, सोसायटीचं कर्ज उचलायचा तर विषयच नाही, सांगून ठेवते. आजारी पडले तरी तिथल्या सरकारी विम्यात खर्चाचे ७० टक्के ते भरतात.

दुसरा प्रश्न, डिग्री मिळणार का? नाही. ही स्कॉलरशिपच अशी आहे की तुम्ही आपल्या देशात जपानी शिकत असलात तरच मिळते, वर्षभर तिथं शिकायचं आणि परत येऊन आपलीच डिग्री पूर्ण करायची, तिथंच राहून जाता येत नाही. हे मुद्दाम सांगतेय कारण आई तुला शिरगावच्या मामांचं आठवणार. मामा दोन वर्षांसाठी गेले होते ते तू अजून विसरली नाहीस, मीही नाही. माझं परत यायचं आधीच ठरलेलं आहे, पुढच्या गणपतीच्या आसपास. आणि वयाची अट ३० च्या आतली, मी २८ ची, म्हणजे अजून थांबले असते तर हे दार बंदच झालं असतं. लग्नाचं जे चाललंय त्याबद्दल आल्यावर बोलू, मी टाळत नाहीये.

मला जपानी भाषेची एन टू परीक्षा पास होऊन वर्ष झालं. पुस्तकातलं वाचता येतं, लिहिता येतं, पण सत्तरीची बाई भाजीवाल्याशी बोलताना काय म्हणते ते मला अर्धं कळत नाही. कुणाला कसं मान देऊन बोलायचं, कुठं गप्प बसायचं, हे वर्गात बसून येत नाही. आई, तू आत्यांशी बोलतेस तेव्हा तुझं वाक्य बदलतं ना, तसंच त्यांच्या भाषेत आहे, पण शंभर पायऱ्यांचं. तिथं राहिल्याशिवाय ते कानात बसणार नाही.

ओकायामाच का, ते आण्णांना सांगायचंय. मुलाखतीत मलाही हेच विचारलं. अर्जात आपण कशावर अभ्यास करणार ते लिहावं लागतं. मी आपल्या सोप्यातल्या भिंतीचं लिहिलं. गेरूच्या त्या तीन रेघा, खाली २००५, वर २०२१, सगळ्यात वर २०१९, शेजारी आण्णांच्या अक्षरात तारीख आणि पाणी किती दिवस होतं ते. ओकायामाजवळ कुराशिकीत माबी म्हणून गाव आहे, तिथं जुलै २०१८ ला असाच पूर आला. मोठी नदी तुडुंब भरली की तिला मिळणाऱ्या लहान नदीचं पाणी पुढं जायला जागाच उरत नाही, मागं दाबलं जातं, तसं झालं आणि बांध फुटला. ब्रह्मनाळला येरळेचं काय होतं ते आण्णांना मी सांगायला नको. तिथली म्हातारी माणसं पुराबद्दल कसं बोलतात, कुठले शब्द वापरतात, पोरांना काय सांगून ठेवतात, ते मला ऐकायचंय. आपल्याकडं "पाणी पायरीला लागलं" म्हटलं की सगळ्यांना कळतं, तसं त्यांचं काय असेल? मुलाखत घेणाऱ्यांना मी त्या भिंतीचा फोटो दाखवला. ते बराच वेळ बघत बसले. आण्णा, माझी निवड झाली त्यात त्या रेघांचा वाटा फार मोठा आहे.

२०१९ ला मी पुण्यातच होते ना. इतकी जवळ. तरी पाच दिवस भिलवडीला पोचता आलं नाही, हायवे बंद, फोन बंद, टीव्हीवर नुसती छपरं दिसत होती आणि मी त्यातलं आपलं शोधत होते. ते पाच दिवस माझ्या डोक्यातनं कधी गेले नाहीत. आता तर समुद्रापलीकडं जातेय, त्यामुळं पुढच्या पावसाळ्याचं आत्ताच बोलून घेते, आणि यात ऐकून घेणार नाही. कोयनेतनं विसर्ग वाढवला अशी बातमी आली की त्याच दिवशी विट्याला ताईकडं जायचं. पायरीला लागायची वाट बघायची नाही. म्हशी दाजी टेम्पोनं हलवतील, त्यांच्याशी बोलणं झालंय. माबीत जी माणसं गेली त्यातली बहुतेक म्हातारी होती, घरातच राहिलेली. एवढंच सांगते, जास्त लिहीत नाही.

आता डोळ्याचं. आण्णा, गणपती झाले की लगेच मोतीबिंदूचं ऑपरेशन. मिरजेत डॉक्टरांची वेळ घेतलीय, मी स्वतः बरोबर आहे, मी जायच्या आत उरकायचं. "छाटणी झाल्यावर बघू" हे तुम्ही दोन वर्षं ऐकवताय. यंदाच्या ऑक्टोबर छाटणीला दाजी आणि गडी आहेत, तुम्ही बांधावर खुर्ची टाकून बसा, काळा चष्मा लावून, आणि काड्यांना पेस्ट लावायच्या दिवशी तर मळ्यात फिरकायचंच नाही, ते औषध डोळ्याला फार वाईट. फवारणीची वही मी लिहायचे, ती आता ताईचा ओंकार लिहील, त्याला द्राक्षावरच्या डावणी आणि भुरी या रोगांतला फरक शिकवलाय. तुमची शुगर दर महिन्याच्या पाच तारखेला, रिपोर्टचा फोटो मला पाठवायचा. गोळ्यांचे सात दिवसांचे डबे भरून ठेवून जाणार आहे. आई, तू आण्णांच्या ताटात चपाती वाढताना गूळ सरकवतेस ते मला माहितीय.

दोघांच्या मोबाईलला वर्षाचा रिचार्ज मारलाय. तिथलं घड्याळ आपल्यापुढं साडेतीन तास, म्हणजे तुमचा साडेचारचा चहा झाला की माझे रात्रीचे आठ. रोज त्या वेळेला व्हिडिओ कॉल. खाण्याची काळजी करू नको आई. तिथं साध्या वरणासारख्या दिसणाऱ्या सूपमध्येसुद्धा बहुतेक वेळा माशाचं पाणी असतं, म्हणून मी हातानंच करून खाणार. घरात माळ आहे, आण्णांची वारी आहे, ते मी विसरणार नाही. हळद, मेतकूट आणि भडंग दे, भडंग जरा जास्त दे. आणि आण्णा, ओकायामा द्राक्षांसाठी नावाजलेला भाग आहे. काचेच्या घरात मस्कत द्राक्षं पिकवतात, घडाला कागदाची पिशवी घालतात. मी जाऊन बघणार, सगळे फोटो तुम्हाला, तुम्ही मला सांगायचं की त्यांचं काय बरोबर आहे आणि काय नाही.

पुण्यात सिंहगड रोडला आपण ती जपानी बाग बघायला गेलो होतो, पु. ल. देशपांडे उद्यान, आठवतंय? आईच्या चपलेचा पट्टा तुटला आणि आण्णांनी सुतळीनं बांधून दिला. ती बाग ज्या बागेवरनं केलीय ती कोराकुएन ओकायामातच आहे, सव्वातीनशे वर्षांची, नदीपलीकडं काळा किल्ला. पहिल्या रविवारी तिथं जाऊन तुम्हाला कॉल लावते.

लहानपणी औदुंबरला नावेतनं जाताना मी आण्णांच्या शर्टाचं टोक मुठीत धरून बसायचे, आणि आई तू पाण्याकडं बघू नको म्हणून माझे डोळे झाकायचीस. परवा व्हिसाच्या फोटोला बसले तेव्हा उगीचच ते आठवलं आणि मूठ बंद झाली. आई, मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण जायचंय मला. खूप जायचंय.

शनिवारी येतेय. आण्णांनी स्टेशनवर यायचं नाही, मी रिक्षानं येईन. जेवायला काही करत बसू नको, नुसता आमटीभात कर, आणि रागवायचं असलं तर जेवण झाल्यावर रागवा. पाकीट आणि ब्लाऊजपीस घेऊन येते, तुझ्या हातात देते.

तुमची,
चिमी