जर्मनीत नोकरी : आधी कागद आणि भाषा

महोदय,

महाराष्ट्र आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्यांत फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार झाला. पहिल्या टप्प्यात १०,००० तरुण पाठवायचे ठरले. तेव्हापासून बोलणे होते ते संख्येचे आणि पगाराचे. पण तिथे पोहोचलेला माणूस पाच वर्षांनी कुठल्या जागी असेल, हे ठरते त्याच्या शिक्षणाला मिळालेल्या मान्यतेवर आणि त्याच्या जर्मनवर.

परिचारिकांचेच पाहा. जीएनएम (नर्सिंगची पदविका) किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या मुलीला तिथल्या परवान्याशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही. तिचे विषयवार आणि प्रात्यक्षिकाचे तास तिथल्या अभ्यासक्रमाशी ताडले जातात. जे कमी पडते ते ज्ञानचाचणी देऊन किंवा पूरक प्रशिक्षण घेऊन भरून काढावे लागते. तोवर ती मदतनीस, आणि पगारही मदतनिसाचाच. नुसती गुणपत्रिका नेली तर तुलना करणार कशाशी? म्हणून कॉलेजच्या सही-शिक्क्याचा तासांचा तक्ता आणि वॉर्डवार अनुभवाचा दाखला निघण्यापूर्वीच घ्यावा. परदेशातून तो मिळवणे फार जिकिरीचे होते.

दुसरी अडचण भाषेची. परवान्यासाठी साधारणपणे बी-२ पातळी (ए-१ ते सी-२ या सहा पातळ्यांतली चौथी) लागते. जर्मन शिकवणाऱ्या आणि तिच्या परीक्षा घेणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार तिथवर जायला ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात. रोज चार तासिका, आठवड्याचे पाच दिवस धरले तरी सात ते नऊ महिने, तेही एकही खाडा न करता. 'तीन महिन्यांत बी-२' अशी जाहिरात दिसली की सावध व्हावे. गोएथेच्या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन, संभाषण या चारही भागांत प्रत्येकी ६० टक्के लागतात. राहिलेला भाग मात्र वेगळा देता येतो. उरलेला अभ्यास तिथे जाऊन करू, हा हिशेब पाळ्यांच्या नोकरीत बहुधा चुकतो. शिवाय रुग्ण पुस्तकी जर्मन बोलत नाहीत. त्या भागातले बरेच म्हातारे लोक श्वेबिशसारख्या स्थानिक बोलीत बोलतात, त्यामुळे श्रवणाचा सराव दुप्पट हवा.

कामाचे स्वरूपही आधी सांगायला हवे. आपल्याकडे रुग्णाला अंघोळ घालणे, भरवणे हे नातेवाईक किंवा आया करतात. तिथे ते परिचारिकेचेच काम आहे. हे ठाऊक नसलेली मुलगी पहिल्याच महिन्यात खचते.

आयटीआयवाल्यांसाठी १ मार्च २०२४ पासून एक वाट खुली आहे : नोकरीचा करार हाती घेऊन जायचे आणि मान्यतेची प्रक्रिया तिथे पूर्ण करायची. त्यासाठी जर्मन किमान ए-२ (दुसरी पातळी) आणि सरकारमान्य प्रशिक्षण किमान दोन वर्षांचे लागते. इलेक्ट्रिशियन आणि फिटर त्यात बसतात. वेल्डर, प्लंबर हे आपल्याकडचे एक वर्षाचे ट्रेड बसत नाहीत. सरकारने नोंदणीच्या अर्जातच ट्रेडची मुदत विचारावी आणि जे बसत नाहीत त्यांना जर्मनच्या वर्गात बसवण्यापूर्वी स्पष्ट सांगावे.

– जर्मन भाषेचे काही शिक्षक, पुणे