तळपायाचा काळा डाग आणि ‘प्रतिकारशक्ती’

संपादक महोदय,

प्रतिकारशक्ती वाढली की कॅन्सर हटतो, असे सांगून मराठवाड्याच्या आठवडी बाजारांत चूर्णे आणि काढे विकले जातात. त्वचेच्या कॅन्सरबाबत हे खरे नाही.

मेलॅनोमा हा रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर. आपल्याकडे तो कमी, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर किंवा नखाखाली. पांढऱ्या पेशी त्याच्याभोवती जमतातच. त्यांतल्या टी पेशी कॅन्सरला मारतात. मॅक्रोफेज या भक्षक पांढऱ्या पेशी मात्र गाठीच्या संगतीने बिघडतात. नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात, भोवतालची ऊती सैल करणारी विकरे सोडतात आणि कॅन्सरला बाहेर पडायला वाट होते. न्यूट्रोफिल या आणखी एका जातीच्या पांढऱ्या पेशींचेही तसेच. अतिनील किरणांनी उंदरांची कातडी भाजली तेव्हा तिथे न्यूट्रोफिल गोळा झाले आणि मेलॅनोमाच्या पेशी रक्तवाहिन्यांना बिलगून पसरू लागल्या. कुंपणच शेत खाते ते असे. मग चूर्णाने नेमके कोणाला बळ द्यायचे?

खरी औषधे टी पेशींचा ब्रेक सोडवतात. पीडी-१ हा असाच एक ब्रेक. कॅन्सर तो दाबून धरतो, निव्होलुमॅब हे औषध कॅन्सरची ही पकड सोडवते. या ब्रेकांवरच्या कामासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. मात्र मोकळ्या सुटलेल्या टी पेशी आतड्यावरही उलटतात. हे औषध चालू असताना रोजच्यापेक्षा चार वेळा जास्त शौचाला झाले, तर मेडिकलमधून जुलाबाची गोळी आणून थांबू नये. त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना कळवावे.

इथवर वेळ येऊ नये म्हणून पाय बघा. बाभळीचा काटा, दगडाची ठेच रोजचीच, म्हणून काळ्या डागाकडे कोणी लक्ष देत नाही. ठेचेचे साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते. पायाचे नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढते. दोन-तीन महिन्यांत डाग जागचा हलला नाही, पट्टा रुंदावला किंवा काळेपणा शेजारच्या कातडीवर उतरला, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. कुरूप समजून ब्लेडने तासू नका, चुन्याने किंवा अ‍ॅसिडने जाळू नका. स्टेरॉइडचे मलम तर नकोच, ते टी पेशींनाच मंदावते. तासलेल्या, जाळलेल्या डागाची खोली मोजता येत नाही आणि पुढचे सगळे त्या खोलीवर ठरते. ती ०.८ मिलिमीटर किंवा जास्त असली, तर कॅन्सर आधी जिथे पोहोचतो ती जांघेतली पहिली लसिकाग्रंथी तपासायची का, याचा विचार करावा लागतो.

तालुक्याच्या ठिकाणी शस्त्रक्रिया करणाऱ्या सहकाऱ्यांना कळकळीची विनंती. तुकडा पूर्ण खोलीचा घ्या आणि दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रावणात पाठवा. सलाइनमध्ये टाकलेला तुकडा उन्हाळ्यात प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत खराब झालेला असतो. रिपोर्टमध्ये खोली, व्रण (गाठीवरची कातडी फुटली आहे का) आणि गाठीत शिरलेल्या लिम्फोसाइट (टी पेशींसारख्या पांढऱ्या पेशी) यांची नोंद नसेल, तर ती लिहून मागा.

आपले,
त्वचारोग व विकृतिशास्त्र विषयांतील काही डॉक्टर, लातूर