ऑपरेशननंतरचंही छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मेंदूत तारा बसवून वाकडी मान ऑपरेशनच्या टेबलावरच सरळ झाल्याची बातमी आपल्या आरोग्याच्या पानावर वाचली. आनंद वाटला, पण बातमी अर्धीच आहे.

मलाही हाच आजार, सर्व्हायकल डिस्टोनिया. मी एसटीत चालक होतो. मान आपोआप डावीकडे ओढली जायची, तोंड दरवाजाकडे. खांद्यापासून कानामागपर्यंत असा ठणका की रात्री उशी नकोशी व्हायची. हनुवटीला बोट टेकवलं की मान तेवढ्यापुरती सरळ. त्यावरून डेपोत काहीजण म्हणायचे, "नाटकं करतोय, बोट लावल्यावर बरी होते सरळ!" न्यूरॉलॉजिस्टनी मात्र ते बोट बघूनच आजार ओळखला. बिघाड मानेत नाही, मानेला हुकूम देणाऱ्या मेंदूत, असं त्यांनी सांगितलं. तोवर मालिश, पट्टा, उतारा सगळं करून झालं होतं. स्टिअरिंग तर मी आधीच सोडलं होतं.

या आजारात आधी स्नायू सैल करणारी बोटॉक्सची इंजेक्शनं देतात आणि बऱ्याच जणांचं त्यावर भागतं. साधारण तीन महिन्यांनी पुन्हा टोचून घ्यायचं. मला पुढे पुढे गुण येईना, तेव्हा ऑपरेशनचा विषय निघाला. मानेच्या ठरावीक स्नायूंच्या नसा तोडायचं एक जुनं ऑपरेशन आहे, माँट्रियलच्या डॉ. बर्ट्रांड यांच्या नावाचं. माझं झालं ते डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन), म्हणजे मेंदूला बारीक करंट देणारं मशीन: मेंदूत खोलवर दोन्ही बाजूंना एकेक तार, कानामागून कातडीखालून खाली आणलेली, आणि गळ्याच्या हाडाखाली बॅटरी.

मशीन सुरू केलं त्या दिवशी घरच्यांचे चेहरे उतरले, कारण मान होती तशीच. डिस्टोनियात गुण यायला आठवडे, कधी महिने लागतात. करंट कमीजास्त करून घ्यायला पुनःपुन्हा जावं लागतं. माझा ठणका आधी कमी झाला, मान मागाहून सरळ होत गेली. अजूनही थोडी कलतेच. टेबलावर सरळ होईल या भरवशावर कर्ज काढणाऱ्या माणसाला हे कुणी सांगायचं? शिवाय साधी बॅटरी काही वर्षांत संपते, ती बदलायला परत चीर आणि परत खर्च. चार्ज होणारी जास्त टिकते, पण महागही असते.

आणखी एक. मध्यंतरी खांदा धरला म्हणून फिजिओथेरपीला गेलो, तर तिथल्या मुलीनं डायथर्मीचं, म्हणजे विजेच्या लहरींनी शेकायचं मशीन ओढून जवळ आणलं. खिशातलं डीबीएसचं कार्ड दाखवलं तेव्हा ती थांबली. डीबीएस असलेल्याला तो शेक अंगावर कुठेही चालत नाही; तारा तापून मेंदूला इजा होऊ शकते. एमआरआयच्या आधीही मशीनची माहिती द्यावी लागते. पुढच्या वेळी अशी बातमी देताना निदान एवढी चौकट तरी सोबत छापावी, ही विनंती.

कळावे.
आपला,
एक निवृत्त एसटी चालक, कराड