धुरात उभी राहिलेली शिल्पे

महोदय,

प्रकाशातून शिल्प घडवणारे अँथनी मॅकॉल आपल्याकडे जवळपास अपरिचित आहेत, याची खंत वाटते. १९७३च्या त्यांच्या कृतीत प्रोजेक्टरमुळे भिंतीवरचा ठिपका अर्ध्या तासात वर्तुळ होतो आणि अंधारात प्रकाशाचा पोकळ शंकू उभा राहतो. प्रेक्षक त्यात शिरतात, हात घालून बघतात. न्यूयॉर्कच्या जुन्या गोदामांतल्या धुळीमुळे, सिगारेटच्या धुरामुळे तो दिसे. स्वच्छ संग्रहालयात मात्र दिसेना! पुढे सुमारे २० वर्षे त्यांनी कलानिर्मिती थांबवली, ग्राफिक डिझाइनवर चरितार्थ चालवला. धुके सोडणारी यंत्रे आल्यावर ते परतले. २०२४मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात त्यांचे प्रदर्शन भरले. रविवार पुरवणीत त्यांच्यावर सविस्तर, सचित्र लेख यावा, ही विनंती.

– एक कलाप्रेमी वाचक, नाशिक